स्मृतिसंध्येच्या दोनशे फुलपाखरांविषयी मंडळाच्या कार्यकारिणीला खुलं पत्र

अध्यक्ष, कार्यकारिणी आणि सर्व सभासद,
सप्रेम नमस्कार.

सप्टेंबरअखेरीच्या स्मृतिसंध्येचं निमंत्रण मिळालं. ज्यांची जिवाभावाची माणसं तिकडे भारतात वारली आणि ज्यांना इथून वेळेत पोचता आलं नाही, अशा घरांसाठी मंडळ एक संध्याकाळ राखून ठेवतंय आणि जमणारा निधी आपल्या गावच्या हॉस्पिसला, म्हणजे अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या संस्थेला, देतंय, याबद्दल आधी मनापासून आभार मानते. 2020 आणि 2021 मध्ये इथं ओहायोत बसून किती जणांनी पुण्या-मुंबईतले अंत्यविधी फोनच्या पडद्यावर पाहिले, हे आपण सगळेच जाणतो. दहावं नाही, तेरावं नाही, घरात चार माणसं येऊन बसली नाहीत. ते राहून गेलेलं कुठेतरी पुरं व्हायला हवं होतं, आणि तुम्ही ते मनावर घेतलंत.

निमंत्रणातल्या एका ओळीबद्दल मात्र मला लिहायलाच हवं. प्रत्येक कुटुंब आपल्या माणसाचं नाव घेऊन एक मोनार्क फुलपाखरू आकाशात सोडेल. आपल्या काउंटीतले (जिल्ह्यातले) एक फुलपाखरांचे पैदासकार दोनशे फुलपाखरं मंडळाला देणगी म्हणून देत आहेत, असं त्यात म्हटलंय. ही देणगी मंडळानं आभार मानून नाकारावी आणि त्याच गृहस्थांकडे दुसरी देणगी मागावी, अशी माझी विनंती आहे. व्हॉट्सॲपवर हा विषय निघाला तेव्हा दोन-तीन संदेशांतच वातावरण तापलं, म्हणून कारणं नीट मांडता यावीत यासाठी हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

देणगीदारांबद्दल माझ्या मनात किंतु नाही. ते वर्षानुवर्षं शाळांना, चर्चना आणि कॅन्सरच्या रुग्णांसाठी होणाऱ्या कार्यक्रमांना फुलपाखरं देत आले आहेत, तीही बहुतेक वेळा फुकट. एरवी मोनार्क विकत घ्यायला गेलं तर डझनाला सहज शंभर डॉलर पडतात. दोनशे मोनार्क वाढवायचे म्हणजे उन्हाळाभर रोज सुरवंटांना ताजा पाला घालायचा, त्यांची घाण काढायची, कोष सांभाळायचे. एवढे कष्ट करून कुणी आपल्याला काही देत असेल, तर त्यामागच्या भावनेचा मान राखायलाच हवा. मात्र आपण ते घ्यावं की नाही हा प्रश्न वेगळा आहे.

ही फुलपाखरं कार्यक्रमाला येतात कशी, हे आपल्यातल्या फार थोड्यांनी पाहिलं असेल. शेजारच्या काउंटीतल्या एका हॉस्पिसच्या कार्यक्रमात मी पाकिटं वाटायला स्वयंसेवक म्हणून उभी होते. थर्माकोलचं खोकं होतं, तळाला बर्फाची पिशवी, तिच्यावर कागदाची घडी आणि वर ओळीनं उभी लावलेली झिरझिरीत कागदाची त्रिकोणी पाकिटं. एका पाकिटात एक फुलपाखरू, पंख मिटून ठेवलेलं. फुलपाखराच्या शरीराला स्वतःची ऊब नसते. थंडीत ठेवलं की ते हलत नाही, म्हणून एखाद-दोन दिवस असं पाकिटात राहू शकतं. कार्यक्रमाआधी खोकं उघडून पाकिटं उबेला ठेवायची. थोड्या वेळानं हातातल्या पाकिटात आतून खुडबुड सुरू होते. कागदावर पाय घासल्याचा तो आवाज इतका बारीक असतो की कानाशी धरल्यावरच ऐकू येतो.

मग नावं पुकारली गेली. काही फुलपाखरं खरंच उडाली, उंच गेली, आणि लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मी नाकारत नाही. पण बरीचशी पाकिटातून निघून समोरच्या गवतात जाऊन बसली. लहान मुलं धावत होती, त्यांना आवरता आवरता आमची तारांबळ उडाली. काही पाकिटांतली मेलेलीच होती. एका आजींनी नवऱ्याचं नाव घेऊन पाकीट उघडलं, तर आतले पंख मिटलेले ते मिटलेलेच. असं होतं हे आयोजकांना माहीत होतं. म्हणून आम्हा प्रत्येकाच्या खिशात जादा पाकीट देऊन ठेवलेलं होतं. मी ते घाईघाईनं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते घेतलं, पण उघडलं नाही.

दुःख घेऊन आलेल्या माणसावर असा प्रसंग आपल्या व्यासपीठावर येऊ नये, हे माझं पहिलं कारण. आणि आपला कार्यक्रम तर संध्याकाळी साडेसहाचा आहे. सप्टेंबरअखेर इथं सव्वासातच्या सुमाराला सूर्य मावळतो. मोनार्क त्याआधीच झाडावर मुक्कामाला जाऊन बसतात, आणि हवा पंधरा अंश सेल्सिअसच्या खाली उतरली की त्यांना उडणं जड जातं. म्हणजे आपण दोनशे फुलपाखरं अंधार पडायच्या वेळेला, गारव्यात, अनोळखी हिरवळीवर सोडणार.

दुसरं कारण मोठं आहे. ओहायोत सप्टेंबरात दिसणारा मोनार्क हा वाटसरू असतो. उन्हाळ्यातल्या पिढ्या दोन ते सहा आठवड्यांत संपतात, पण ऑगस्टअखेरीपासून कोषातून बाहेर पडणारी पिढी वेगळी असते. ती लगेच जोडीला लागत नाही, अंडी घालत नाही. मध पिऊन अंगात चरबी साठवते आणि दक्षिणेची वाट धरते. इथून जवळजवळ तीन हजार किलोमीटरवर मेक्सिकोतल्या मिचोआकान परिसरात, तीन हजार मीटर उंचीच्या डोंगरांवर ओयामेल नावाच्या सूचिपर्णी झाडांचं जंगल आहे. त्या पिढीनं ते कधी पाहिलेलं नसतं. तिच्या आईनं पाहिलेलं नसतं, आजीनंही नाही. तरी ती तिथं पोचते, हिवाळा काढते आणि वसंतात परत उत्तरेकडे निघते. जगातल्या शास्त्रज्ञांना ही जागा नेमकी कुठे आहे ते कळलं जानेवारी 1975 मध्ये. तिथल्या गावकऱ्यांना अर्थात पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं.

तिथं फुलपाखरं एकेक मोजता येत नाहीत, इतकी ती फांद्यांना लगडलेली असतात. म्हणून किती हेक्टर जंगल त्यांनी व्यापलंय ते मोजतात. 1996-97 च्या हिवाळ्यात ते सुमारे 18 हेक्टर होतं. 2013-14 मध्ये ते 0.67 वर आलं. 2023-24 मध्ये 0.9, आणि त्यापुढच्या वर्षी जरा बरं, 1.79. अमेरिकेच्या वन्यजीव विभागानं डिसेंबर 2024 मध्ये मोनार्कला कायद्यानं धोक्यातली प्रजाती म्हणून संरक्षण द्यायचा प्रस्ताव मांडला. आणि हे एकट्या मोनार्कचं नाही. 2025 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार 2000 ते 2020 या वीस वर्षांत या देशातल्या फुलपाखरांची एकूण संख्या 22 टक्क्यांनी घटली.

आता कुणी म्हणेल, संख्या घटतेय तर दोनशेची भर पडली, चांगलंच झालं की! पण एक मोनार्क मादी आयुष्यात तीनशेच्या वर अंडी घालते. म्हणजे आपली दोनशे फुलपाखरं ही एका मादीच्या अंड्यांएवढीसुद्धा नाहीत. तुटवडा अंड्यांचा नाहीच. तुटवडा आहे तो अंडी जिच्यावर घालायची त्या वनस्पतीचा. मोनार्कचा सुरवंट मिल्कवीडच्या पानांशिवाय काहीही खात नाही. हे मिल्कवीड पूर्वी इथल्या मक्या-सोयाबीनच्या ओळींमधून, बांधांवरून आपसूक उगवायचं. 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून तणनाशक सोसणारं बियाणं आलं, पिकावर सरसकट फवारणी सुरू झाली आणि मध्य-पश्चिमेतल्या शेतांमधून मिल्कवीड नाहीसं झालं. मेक्सिकोतली जंगलतोड, दुष्काळ, तापमानवाढ ही कारणंही आहेतच. यातल्या एकाही दुखण्यावर सोडलेली फुलपाखरं हा उपाय नाही.

उलट त्यांच्यासोबत रोग जाऊ शकतो. मोनार्कला जडणारा एक सूक्ष्म परजीवी आहे. त्याचं नाव ऑफ्रिओसिस्टिस इलेक्ट्रोसिरा. अभ्यासक नुसतं 'ओई' म्हणतात. रोगट मादीच्या अंगावर त्याचे बीजाणू असतात. अंडी घालताना ते पानावर आणि अंड्याच्या कवचावर झडतात. सुरवंट बाहेर आल्यावर आधी कवच खातो, मग पान, आणि परजीवी पोटात जातो. लागण जास्त असेल तर फुलपाखराला कोषातून धड सुटताच येत नाही, पंख चुरगळलेलेच राहतात. लागण कमी असेल तर ते दिसायला अगदी ठणठणीत दिसतं, पण कमी जगतं आणि कमी अंतर उडतं. हेच जास्त घातक, कारण नुसत्या डोळ्यांना काही कळत नाही.

तपासायची पद्धत साधी आहे. पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा फुलपाखराच्या पोटावर हलकेच टेकवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. मोठमोठे खवले दिसतात, त्यांच्यामध्ये बारीक, गडद, दोन्ही टोकांना निमुळते ठिपके दिसले की समजायचं. खवल्यांच्या मानानं ते इतके लहान असतात की पहिल्यांदा पाहणाऱ्याला धुळीचे कणच वाटतात. आपले देणगीदार ही तपासणी करत असतील आणि प्रामाणिकपणे करत असतील. पण एका जाळीत शेकडो सुरवंट दाटीवाटीनं वाढवले की एकाचं दुखणं दुसऱ्याला लागायला वेळ लागत नाही. दोनशेतलं प्रत्येक फुलपाखरू तपासलंय, याची खात्री आपल्याला कोण देणार? राज्याराज्यांमधून फुलपाखरं पाठवायला केंद्राच्या कृषिखात्याचा परवाना लागतो, मोनार्कना रॉकी पर्वतांच्या कण्याच्या पलीकडे पाठवता येत नाही, हे नियम आहेत आणि चांगले आहेत. पण परवाना म्हणजे प्रत्येक फुलपाखरू निरोगी असल्याचा दाखला नव्हे.

यात वेळेचाही प्रश्न आहे. सप्टेंबरअखेर म्हणजे ऐन स्थलांतराचा काळ. आपल्या राज्यावरून त्या वेळी मोनार्कचे थवेच्या थवे जात असतात, रात्री एकाच झाडावर शेकड्यांनी दाटीनं बसतात. आपण सोडलेली फुलपाखरं याच थव्यांत मिसळणार. शिवाय घरात, उबेत, दिव्यांच्या उजेडात वाढलेल्या मादीला ऋतू बदलल्याची खूण मिळालेली नसू शकते. ती दक्षिणेला जायच्या ऐवजी इथंच अंडी घालत बसली, तर ऑक्टोबरातल्या पहिल्या गोठवणाऱ्या दहिवरात ते सुरवंट मरणार.

विकत मिळणाऱ्या मोनार्कना दिशा कळते का, यावर संशोधन झालंय आणि ते मी दोन्ही बाजूंनी सांगते, म्हणजे मी सोयीचं तेवढंच उचललं असं वाटायला नको. शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 मध्ये दाखवलं की व्यावसायिक पैदाशीतले मोनार्क शरद ऋतूत दक्षिणेकडे तोंड करून उडत नाहीत. बंद खोलीत वाढवलेल्या जंगली मोनार्कांचीही तीच गत झाली. पुढच्या वर्षी जॉर्जिया विद्यापीठातल्या अभ्यासात, पाळीव मोनार्कांची पायांची पकड कमी भरते आणि पंखांचा आकार नि रंग लांबच्या प्रवासाला तितकासा साजेसा नसतो, असं आढळलं. मग 2021 मध्ये कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या गटानं पाळीव मोनार्कांना इवलेसे रेडिओ-प्रक्षेपक लावून मोकळं सोडलं, तर बहुतेक सगळे योग्य दिशेनं गेले. म्हणजे हा वाद मिटलेला नाही. माझ्या मते तो मिटेपर्यंत थांबणंच शहाणपणाचं आहे; आपल्या कार्यक्रमासाठी या प्रवासाशी खेळायचं कशाला? मोनार्कच्या अभ्यासात हयात घालवलेल्या शास्त्रज्ञांनी 2015 मध्येच एकत्र निवेदन काढून मोठ्या प्रमाणावर पैदास करून मोनार्क सोडू नका असं सांगितलंय. लिंकन ब्रॉवर त्यांत होते, आणि त्यांनी साठ वर्षं या एका फुलपाखराला दिली होती. कॅलिफोर्नियात तर परवान्याशिवाय मोनार्क घरी वाढवायला, हाताळायलाही बंदी आहे.

मोनार्क नको तर पेंटेड लेडी जातीची सोडू, असा पर्याय कुणीतरी सुचवला. ती सगळीकडे आढळते, धोक्यात नाही, म्हणून नुकसान कमी, इतपत खरं. बाकी खोकं, बर्फ, पाकीट, अंधारातलं गवत हे सगळं तसंच राहतं.

आपल्याकडे बाजारातून पिंजऱ्यातल्या मुनिया विकत घेऊन सोडण्याची चाल होती. सोडणाऱ्याच्या मनात दयाच असायची, आणि त्या दयेच्या भरवशावरच फासे लावणाऱ्याचा धंदा चालायचा. मोनार्क रानातून धरून आणलेले नसतात, पैदाशीतले असतात, हा फरक मला मान्य आहे. पण मागणी अशीच तयार होते. आपल्या कार्यक्रमाचे फोटो फिरतील, दुसऱ्या गावचं मंडळ तेच करेल, आणि तिथं असे उदार पैदासकार नसले तर तिसऱ्याच राज्यातून खोकी मागवली जातील.

अशा कार्यक्रमांत एक कार्ड वाटतात. फुलपाखराच्या कानात इच्छा सांगितली की ते ती परमेश्वरापर्यंत पोचवतं, अशी 'मूळ अमेरिकन दंतकथा' त्यावर छापलेली असते. कुठल्या जमातीची ते कधीच लिहिलेलं नसतं. मृतांची आठवण आणि मोनार्क यांचं खरोखरचं नातं पाहायचं असेल तर ते मिचोआकानमध्ये आहे. मोनार्क तिथं नोव्हेंबरच्या सुरुवातीला पोचतात, नेमके मृतांच्या सणाच्या दिवसांत. गेलेल्यांचे आत्मे त्या रूपानं घरी येतात अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे. ते त्यांची वाट पाहतात. पाकिटातून कुणी सोडत नाही.

आता देणगीबद्दल. दोनशे मोनार्क वाढवणाऱ्या माणसाकडे फुलपाखरांपेक्षा मोलाची एक गोष्ट असते, आणि ती म्हणजे मिल्कवीड. सुरवंट इतका खादाड असतो की पैदासकाराला शेकडो रोपं राखावीच लागतात. आणि त्यांच्यावर कीटकनाशकाचा थेंबही पडलेला चालत नाही, नाहीतर सुरवंट मरतात. मोठ्या दुकानांतून आणलेल्या रोपांची अशी खात्री नसते. ती बरेचदा अशा औषधांवर वाढवलेली असतात की जी पानापानांत भिनून राहतात. तेव्हा आपण देणगीदारांना सांगू: तुमची फुलपाखरं राहू द्या, आम्हाला दोनशे रोपं द्या. मात्र दोन अटी घालाव्या लागतील. रोपं सुरवंटांच्या जाळीत ठेवलेली नसावीत, म्हणजे बीजाणूंची भीती उरत नाही. आणि ती इथल्याच जातीची असावीत. लाल-पिवळ्या फुलांचं उष्ण प्रदेशातलं मिल्कवीड दिसायला सुंदर असतं, आपल्याकडे बागांत ते हळदीकुंकू म्हणून लावतात. पण दक्षिणेकडच्या राज्यांत ते थंडीत मरत नाही, तिथं मोनार्क प्रवास सोडून रेंगाळतात आणि त्या पानांवर ओई साचत जातो. आपल्याला हवं ते स्वॅम्प मिल्कवीड, गुलाबी फुलांचं. ते जागच्या जागी झुडपासारखं वाढतं. साधं मिल्कवीड जमिनीखालून फुटवे टाकत शेजाऱ्याच्या हिरवळीत शिरतं आणि मग सोसायटीचं पत्र येतं. ज्यांच्याकडे मोकळी जागा आहे त्यांनी तेही जरूर लावावं.

कार्यक्रम कसा होईल ते माझ्या डोळ्यांसमोर आहे. नाव वाचलं जाईल, कुटुंब पुढे येईल, आपल्या माणसाच्या नावाची चिठ्ठी लावलेली कुंडी घेईल. ज्यांना हातानं काही करायचंय (आणि मला वाटतं, सगळ्यांनाच करायचं असतं) त्यांच्यासाठी मातीनं भरलेल्या वाफ्यासमोर बियांची वाटी ठेवू. तर्पणात आपण ओंजळीतून तीळ आणि पाणी सोडतो. इथं ओंजळीतून बी सोडायचं, वर चिमूटभर माती, मग पाणी. पितृपक्ष त्याच सुमाराला येतो, त्यामुळे हे कुणाला परकं वाटणार नाही, आणि ज्यांना विधी नको त्यांनाही यात अडचण नाही. मिल्कवीडच्या बीला हिवाळ्याची ओली थंडी लागावीच लागते, त्याशिवाय ते रुजत नाही. म्हणून तो वाफा बाहेरच, बर्फाखाली राहू द्यायचा.

घरी नेलेलं रोप ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात उन्हाच्या, ओल धरणाऱ्या जागी लावायचं. थोड्याच दिवसांत पानं झडतील, वरची काडी वाळेल. आपल्या लोकांना मी हे आधीच सांगून ठेवते, कारण ते रोप मेलेलं नसतं. एप्रिलमध्ये शेजारची सगळी झाडं हिरवी होतात आणि मिल्कवीड तसंच झोपलेलं राहतं. ते पार मेच्या मध्यावर किंवा नंतर जांभळट कोंब काढतं. तोवर कुणी खणून टाकू नये म्हणून तिथं काठी रोवून ठेवा. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, फार आग होते. आणि पानं कुरतडलेली दिसली की औषध मारायला धावू नका. काळे, पिवळे आणि पांढरे पट्टे असलेला सुरवंट पानाच्या मागे सापडेल. त्याच्यासाठीच तर ते लावायचं. ज्यांनी लहानपणी शनिवारी मारुतीसाठी रुईच्या पानांची माळ ओवली असेल, त्यांना तो चीक आणि ती जाड पानं ओळखीची वाटतील. रुई आणि मिल्कवीड एकाच कुळातली, आणि मोनार्कचे आपल्याकडचे भाऊबंद रुईवर असेच वाढतात.

पहिल्या वर्षी फुलं येतीलच असं नाही. हात उघडताच काहीतरी उडून जाण्याचा तो क्षण रोप देऊ शकत नाही, हेही मान्य. त्याची भरपाई मी खोट्या शब्दांनी करणार नाही. पण ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर ओवळ्याची ओवळेकर वाडी ज्यांनी पाहिलीय त्यांना विचारा. राजेंद्र ओवळेकरांनी तिथं फुलपाखरं आणून सोडलेली नाहीत, जाळीही नाही. सुरवंटांना लागणारी झाडं लावली, मधाची फुलझाडं लावली, फवारणी केली नाही. फुलपाखरं आपणहून आली आणि आता रविवारी माणसं त्यांना पाहायला जातात. इतक्या मोठ्या शहराच्या कडेला हे होतं, तर दोनशे अंगणांत का होणार नाही?

मुलांचा प्रश्न उरतो. फुलपाखरू पाहायला मिळणार म्हणून ती हरखली आहेत, त्यांना नुसती कुंडी दाखवून चालणार नाही. कान्सास विद्यापीठाचा 'मोनार्क वॉच' हा उपक्रम 1992 पासून चालतो. ते नखाहून लहान, क्रमांक घातलेल्या चिकट टिकल्या पाठवतात. रानातला मोनार्क जाळीनं अलगद धरायचा, मागच्या पंखाच्या ठरावीक जागी टिकली लावायची, नर की मादी ते नोंदवायचं आणि आहे तिथंच सोडून द्यायचा. काही महिन्यांनी मेक्सिकोच्या जंगलात टिकली सापडली तर नोंद परत येते. कार्यक्रमाच्याच दिवशी, शनिवारी सकाळी, ऊन तापल्यावर, उद्यानामागच्या गोल्डनरॉड नावाच्या रानफुलांच्या पिवळ्या रानात मुलांना घेऊन जाऊ. मोनार्क मध प्यायला तिथं उतरतातच. जमलं तर त्याआधीच्या आठवड्यात, उत्तरेचा वारा सुटलेल्या दिवशी, क्लीव्हलँडला ईरी सरोवराकाठी वेंडी पार्कमध्येही एक फेरी करता येईल. सरोवर ओलांडून आलेले मोनार्क तिथं झाडांवर उतरतात. नेमका दिवस सांगता येत नाही, वाऱ्यावर अवलंबून असतं.

हॉस्पिसच्या निधीचं काय, असं खजिनदारांनी विचारलं होतं. फुलपाखरं फुकट होती, रोपंही फुकटच असतील. लोक पैसे देतात ते आपल्या माणसाच्या नावानं. तो आकडा कमी होईल असं मला वाटत नाही. झालाच तर हॉस्पिसच्या आवारातही एक मिल्कवीडचा वाफा करून द्यायचं आपण कबूल करू. तिथल्या खिडक्या बागेच्या बाजूलाच उघडतात, आणि आत पडून असलेल्यांना जूनपासून बाहेर काहीतरी पाहायला मिळेल.

तेव्हा पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा. देणगीदारांशी बोलायचं काम माझ्यावर सोपवा. मी त्यांना भेटेन, त्यांचं ऐकून घेईन, आणि रोपांच्या देणगीसाठीही त्यांचं नाव निमंत्रणावर तितक्याच मानानं छापलं जाईल असा शब्द देईन. तेवढी परवानगी मंडळानं द्यावी. बियाणं माझ्याकडे गेल्या शरदातलं शीतपेटीत ठेवलेलं आहे, दोनशे कुटुंबांना पुरून उरेल. टिकल्यांची मागणी ऑगस्टच्या आत नोंदवावी लागेल. रोपं आणायला दोन मोठ्या व्हॅन लागतील आणि कुंड्या उतरवायला सात-आठ जण; ज्यांना जमेल त्यांनी सचिवांकडे नावं द्यावीत.

आपली नम्र,
मंडळाची एक आजीव सभासद